पाहुण्याच्या घरचा घोट

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मी घेते. विश्वेश्वर. आता कमी व्हायला राहिलंय काय?

परळीला वैजनाथासमोर बेलभंडारा उचलून ह्यांनी दारू सोडली, त्याला वर्ष होत आलं होतं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, लिव्हर गेल्यात जमा आहे, पुन्हा तोंडाला लावली तर माझ्याकडे आणू नका. पण हे सावरले. केजच्या आमच्या किराणा दुकानात पुन्हा गल्ल्यावर बसू लागले. रुद्राणीला शाळेत सोडायला जाऊ लागले. लेकीचा हात धरून निघालेला हा माणूस बघितला की मला वाटायचं, माझं लग्न आत्ता कुठं लागलंय.

त्याच सुमारास सासऱ्यांना, मन्मथप्पांना, वाइनचं वेड लागलं. सरकारनं परवाने सोपे केले होते, आणि ज्याच्या रानात ज्वारी धड येत नव्हती तोही द्राक्षाच्या गोष्टी करत होता. मांजरेकाठच्या आमच्या रानात बाग लावायची, असं मामंजींनी ठरवून टाकलं. कडा गावाच्या पुढं, सीनेच्या खोऱ्यात, मोहनराव नावाच्या पुढाऱ्यानं द्राक्षं लावून वाइनचा कारखाना काढला होता. एका दिवसात जाऊन बघून यायचं ठरलं. मामंजी, हे आणि जीपवाले बंकट.

"मी पण येते," मी म्हणाले.

"बाईमाणसाचं काय काम हाय तिथं?" मामंजी गुरगुरले.

"काम न्हाई. ह्यांच्यासंगं यायचंय." आणि मी जीपमध्ये जाऊन बसले.

बाग देखणी होती, खोटं कशाला बोलू. खाली नदीच्या पात्रात पाण्याचा पत्ता नव्हता, पण वर मांडवाखाली नुसती सावली आणि घडच घड. हे प्रत्येक वेलीपाशी थांबून मातीत बोटं घालून बघत होते. "गंगासागर, आपल्या रानात बी यील बघ," मला म्हणाले. लई दिवसांनी त्यांना कशाची तरी हाव सुटलेली मी बघत होते, आणि ती चांगली हाव होती.

जेवणानंतर मोहनरावांनी आम्हाला कारखान्यात नेलं. टेबलावर काचेचे ग्लास, बाजूला एक स्टीलची बादली. तिथल्या माणसानं रीत सांगितली. घोट तोंडात घ्यायचा, जिभेवर घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. त्यानं करून दाखवलं, बंकटनंही केलं.

मोहनरावांनी ग्लास मामंजींपुढं धरला. मामंजींनी हात जोडले. "माझ्या गळ्यात लिंग हाय. पोरगा घील." जसं काही पोराच्या गळ्यात लिंग नव्हतं, नुसता दोराच होता!

"मामंजी, ह्यांनी बेलभंडारा उचललाय," मी म्हणाले.

"अवो ताई, वाइन म्हंजे दारू न्हाई," मोहनराव हसले. "रस हाय द्राक्षाचा."

"मग झालं की," मामंजी म्हणाले. "दारूचा उचललाय. रसाचा कुटं उचललाय?"

शेवटी वाणीच. शपथसुद्धा तागडीत घालून तोलली.

"डाक्तर काय म्हनला ते तरी..."

"तू गप बस. चार मानसांत बोलायची रीत हाय का ही?"

ह्यांनी घोट घेतला. गिळला नाही. गाल फुगवून, डोळे मिटून उभे राहिले, आणि मग बादलीकडे वळून खाली वाकले. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मामंजींनी त्यांचा दंड धरला.

"आरं, काय करतूस? पाव्हन्याच्या घरचं दिलेलं त्याच्याच म्होरं थुकतूस? गिळ!"

रीतच आहे थुंकायची, असं तो माणूस सांगत होता. मामंजींना ते पटेना. हे वाकल्या वाकल्या बापाकडं बघत राहिले. चाळिशीला आलेला माणूस, शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा. मग त्यांचा गळा हलला. त्यानंतर तीन ग्लास आले, आणि बादलीकडे ते पुन्हा वळलेच नाहीत.

येताना बीडच्या अलीकडं चहाला जीप थांबवली. "आलोच," म्हणून हे उतरले ते येईनात. मला ठाऊक होतं कुठं बघायचं. रस्त्यापलीकडं देशीचं दुकान होतं. पदर तोंडाला लावून मी आत शिरले. समोर बाटली, अर्धी झालेली.

"मी थुकनार हुतो गं," ते म्हणाले. "तू बघितलंस नव्हं? मला वाटलं, आप्पा न्हाई म्हनतील. आता शपत मोडलीच. मोडल्याली काय सांबाळायची?"

मी त्यांना ओढत आणलं. मामंजी जीपमध्ये पुढं बसले होते. त्यांना वास आला असणारच. केजपर्यंत त्यांनी मान मागं वळवली नाही.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. मी पाया पडले, भांडले, पोरीला पुढं केलं. दुकान सुटलं, शाळेची वाट सुटली. चार महिन्यांत रक्ताची उलटी होऊन हे गेले.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. आपल्याच रानात, खड्ड्यात बसवून समाधी देतात. मामंजींनी बांधाचा कोपरा दाखवला. रानात बागेच्या ओळींसाठी दोऱ्या ताणलेल्या होत्या, मांडवाचे खांब येऊन पडले होते. मी सगळ्या भावकीतून चालत गेले आणि त्या दोऱ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"ह्यांना हितं बसवा."

"पोरी, बागंच्या मदी येतंय ते," कुणीतरी म्हणालं.

"म्हनूनच म्हनते."

समाधीचा विधी करायला आलेले स्वामी मामंजींकडं बघू लागले, भावकी बघू लागली. मामंजींनी धोतर खोचलं, गड्याच्या हातातली कुदळ घेतली आणि दोरी तोडून पहिला घाव त्यांनीच घातला.

ते रान अजून पडीक आहे. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्यात मधोमध बसलेल्या माणसाचं. तो बादलीकडं वाकला होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.