सगळ्याला चालेल अशी रायफल

"रायफल माणसानं आयुष्यात एकदाच निवडावी आणि मग मरेपर्यंत तिच्याशी इमान राखावं," नळीतून तेलकट चिंधी ओढत ओइवा मोयलानेन म्हणाला. त्याच्या मांडीवर आडवी पडलेली रायफल ही त्याची पाचवी. शेजारी पायरीवर बसून उजवा खांदा चोळणाऱ्या उन्तो मुलारीला आधीच्या चारही आठवत होत्या. पण ओइवा शिकार मंडळाचा प्रमुख होता, आणि जंगलात कुणी कुठल्या ठिय्यावर बसायचं हे तोच ठरवायचा. उन्तोनं मान डोलावली.

मे महिन्यातली दुपार होती. नेमबाजीच्या मैदानाच्या टोकाला पुठ्ठ्याचा मूस, ते घोड्याहून उंच हरीण, अजून उभा होता. साऱ्या कायनू प्रांतात त्याच्याइतकं सोशिक जनावर दुसरं नसेल. त्याला उन्तोनं आज दोनच गोळ्या घातल्या होत्या. दुसरीनंतर पुढची भरण्यासाठी बोल्ट मागे ओढायला हात उचलला आणि तो खांद्यापाशी असा काही अडकला, की रायफल उतरवून घ्यायला ओइवाला धावत यावं लागलं. हिवाळ्यात बर्फावर घसरून फाटलेला स्नायू डॉक्टरांनी शिवला होता. शिवण उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. फक्त ती ताणायची नव्हती.

"ऑगस्टात चाचणी आहे, मास्तर," ओइवा म्हणाला. उन्तोनं तीस वर्षं भूगोल शिकवला होता. सरकारनं त्याला निवृत्त केलं तरी गावानं केलं नव्हतं. "चार गोळ्या, दीड मिनिट. त्या बसल्या नाहीत तर मला तुला ठिय्या देता येणार नाही. कायदाच आहे."

"माहीत आहे."

"रस्सा ढवळायलाही माणूस लागतोच म्हणा. जबाबदारीचं काम. हंगाम संपल्यावर अख्खं गाव जेवतं. आपला लाउरी किती वर्षं ढवळत होता!"

"लाउरी असतो कुठं सध्या?"

"वृद्धाश्रमात," ओइवा म्हणाला आणि चिंधी उलटी करून पुन्हा नळीत घातली.

हेइनासुओच्या दलदलीच्या कडेला, पाइनची शेवटची रांग संपते तिथं, एक सपाट दगड आहे. उन्तोचे वडील, आर्ने मुलारी, युद्धावरून परतले त्या वर्षी त्यावर बसले, आणि पुढे दर शरदात तिथंच बसत राहिले. मंडळाच्या नकाशात त्या ठिय्याला क्रमांक आहे, पण तो कुणी वापरत नाही. मुलारीचा दगड म्हटलं की पुरतं. लहानपणी उन्तो त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायचा. लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली कॉफीची बाटली दोघांच्या मध्ये असायची. बोलायचं नाही, शिंकायचं नाही. वडिलांच्या छातीतली बारीक घरघर त्याच्या पाठीला लागायची आणि सावज दिसलं की थांबायची. उन्तोला सावज कधी आधी दिसलं नाही. आधी पाठीला कळायचं.

वडील गेल्यावर दगड त्याच्याकडे आला आणि दगडाबरोबर वडिलांची रायफलही. ती जुनी फौजी होती, शिकारीसाठी दस्ता बदललेली. इतकी वर्षं दुसरी घ्यावी असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. आता मात्र त्याला अशी रायफल हवी होती जी एका गोळीनंतर दुसरी स्वतःच भरून घेईल, खांद्याला हळू ढकलेल, आणि एकदा घेतलीच आहे तर सगळ्याला चालेल.

रायफल कुठली आणि गोळी किती जाडीची, हे त्यानं गावात विचारायला सुरुवात केली. गाव एरवी फार बोलत नाही, पण या विषयावर बोललं. प्रत्येकानं स्वतःकडे होती तीच सुचवली. पोस्टमन साडेसहा मिलिमीटरच्या बाजूचा होता. त्याच्या आजोबांनी म्हणे तेवढ्यावर अस्वल पाडलं होतं. करवतीच्या गिरणीचा मालक म्हणाला की नऊच्या खाली जे काही आहे ते उंदरांसाठी. ओइवाचा विरोध मुळातच होता.

"स्वतःच भरणारी म्हणजे चुकायचं आधीच ठरवून घरातून निघालेला माणूस," तो म्हणाला.

"खांद्यासाठी घेतोय, ओइवा."

"सगळे काहीतरी कारण सांगतातच."

कायानी शहरातला बंदुकांचा दुकानदार केम्पाइनेन मितभाषी होता. त्यानं तीन रायफली काउंटरवर आडव्या ठेवल्या आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"कशासाठी हवी?"

"सगळ्यासाठी," उन्तो म्हणाला. "मूस तर आहेच. अस्वल आलं तर अस्वल. रानातलं रेनडियर. आणि जानेवारीत झाडाच्या शेंड्यावर बसतो तो काळा रानकोंबडा."

"त्या नऊवालीनं कोंबडा माराल तर घरी पिसं न्याल."

"मग ही साडेसहा?"

"हिनं कोंबडा जमेल. अस्वलाला मात्र आधी समजावून सांगावं लागेल." केम्पाइनेननं मधली रायफल जरा पुढे सरकवली. "गेल्या दहा वर्षांत अस्वलं किती मारलीत?"

उन्तोनं भिंतीवरच्या शिंगांकडे पाहिलं.

"दिसली किती?"

"एक. गाडीतून. म्हणजे बसमधून."

"हं," केम्पाइनेन म्हणाला. "ही मधली तीनशे आठ, मिलिमीटरात साडेसातच्या जरा वर. मूसला पुरते, अस्वलाला बहुधा पुरते, कोंबड्याचंही थोडंफार शिल्लक राहतं. कशातच फार चांगली नाही, कशातच फार वाईट नाही."

तीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला हे वर्णन ओळखीचं वाटलं. तरीही तो काही न घेता घरी आला आणि पुढचे कित्येक दिवस जेवणाच्या टेबलावर तीन रंगीत माहितीपत्रकं पसरलेली राहिली. सिर्का, त्याची बायको, त्यांच्यावरच बटाटे सोलायला लागली.

"नऊवालीचा धक्का जास्त आहे," एका संध्याकाळी तो म्हणाला. "पण समजा मोठं अस्वलच आलं..."

"कुठं आलं?"

"दगडापाशी."

"ते तुला विचारून येणार आहे का, कुठली घेतलीस म्हणून?" सिर्कानं साल पत्रकावर टाकली, अस्वलाच्या चित्रावरच पडली ती. "तुला अस्वल हवंय की दगड?"

उन्तो साल उचलून बघत राहिला.

"मग त्या हाताला पेलेल ती घे, आणि टेबल मोकळं कर. रविवारी माझी बहीण येतेय."

त्यानं मधली घेतली. परवान्यासाठी पोलीस ठाण्यात गेला तेव्हा स्वतःच भरणारी का, असं तिथल्या तरुण बाईंनी विचारलं, आणि त्यानं शर्टाची बटणं काढायला घेतली. बाई घाईघाईनं म्हणाल्या, विश्वास आहे. दुकानात केम्पाइनेननं नळीच्या तोंडावर काळी सायलेन्सरची नळकांडी फिरवून घट्ट केली.

"हे कशाला?"

"धक्का आणखी कमी होतो. कानही वाचतात. आता सगळेच लावतात."

ऑगस्टातल्या चाचणीत उन्तोनं चार गोळ्या इतक्या झटपट घातल्या, की परीक्षक बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिला. पाचवीची वाट पाहत असल्यासारखा. चारही वर्तुळात होत्या. खांद्याला कुणीतरी ओळखीच्या माणसानं सहज थोपटावं एवढंच जाणवलं होतं.

"गाडी पकडायची होती का कुठली?" ओइवानं विचारलं. पण ठिय्ये वाटताना त्यानं नकाशाकडे न बघताच म्हटलं, "मुलारी, दगडावर." उन्तो घरी जाताना लांबच्या रस्त्यानं गेला. कोठारातलं कपाट उघडून त्यानं वडिलांच्या रायफलीला तेल दिलं, दस्त्यावरून दोनदा हात फिरवला आणि ती मागच्या खाचेत ठेवली. पुढच्या खाचेत नवी.

ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारी तो उजाडायच्या आत दगडावर बसला होता. दलदलीवर धुकं गुडघाभर होतं. कॉफी थर्मासमध्ये होती, पण थर्मास त्यानं लोकरीच्या मोज्यात घातला होता. तो मोजा सिर्कानंच काढून दिला होता. पाठीमागे पाइन होता. त्याला पाठ टेकवून तो ऐकत राहिला.

इथं सगळं ऐकण्यावरच चालायचं पूर्वी. वॉकीटॉकी नव्हती, लागतही नव्हती. ओइवाच्या बापाची रायफल दार आपटल्यासारखी वाजायची. गिरणीवाल्यांची जड आणि आखूड, ओंडका गाडीतून खाली पडावा तशी. वडिलांची कोरडी नि लांब. तिचा आवाज दलदल ओलांडून समोरच्या टेकडीपर्यंत जायचा आणि काहीतरी विसरल्यासारखा परत यायचा. गोठ्यात दूध काढणारी आई मान वर करून म्हणायची, "आपली वाजली," आणि उठून चुलीवर बटाटे ठेवायची. पुढे उन्तोच्या हातातही ती तशीच वाजत राहिली. मंडळातल्या म्हाताऱ्यांना तर ती झाडणारा माणूस बदलल्याचं बरीच वर्षं लक्षात आलं नसावं, असा त्याला संशय होता. त्याची त्याला कधी तक्रार नव्हती.

दूर उत्तरेला ओइवाचा कुत्रा भुंकू लागला. भुंकणं सरकत सरकत डावीकडे आलं, थांबलं, पुन्हा जवळून सुरू झालं. धुक्यात काहीतरी हललं. आधी मादी आली, उंच, राखाडी, न थबकता पाइनमध्ये शिरली. तिच्या मागून दुसरं जनावर दलदलीच्या कडेला आलं आणि त्याच्याकडे कूस करून उभं राहिलं.

उन्तोचा श्वास थांबला. थांबल्याचं त्याला कळलंही. त्यानं चाप ओढला.

पुस्तक मिटावं तेवढा आवाज झाला. सावज चार ढांगा गेलं आणि बसलं, मग आडवं झालं. दुसरं काडतूस केव्हाच नळीत येऊन बसलं होतं. त्याची गरज पडली नाही. उन्तो रायफल गुडघ्यावर घेऊन टेकडीकडे बघत राहिला. बराच वेळ. तिकडून काही परत आलं नाही.

छातीवरची वॉकीटॉकी खरखरली. "कुणी झाडली?" ओइवाचा आवाज, धापा टाकणारा. "पेक्का, तू का रे?"

"मी नाही," पेक्का म्हणाला. पेक्का गिरणीवाल्याचा मुलगा. तो शेजारच्या ठिय्यावर होता. "मला वाटलं फांदी मोडली."

"कुत्रा तर गप्प झालाय. मास्तर, तुझ्याकडून काही दिसतंय का कुणी झाडली ते?"

उन्तोनं यंत्र तोंडाजवळ नेलं, पुन्हा खाली घेतलं. मोज्यातला थर्मास दगडावरून घसरू लागला होता. तो सरळ केला. मग बटण दाबलं.

"मीच."

"तू?"

"हो."

"तुझी वाटली नाही."

"नाही," उन्तो म्हणाला. "नाहीच वाटणार."

कुत्रा सावजापाशी पोचला होता, त्याच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती.

"पडलंय का?" शेवटी ओइवानं विचारलं.

"पडलंय."

"काय आहे?"

उन्तो उठला, चिखलातून पाय उपसत जनावरापर्यंत गेला, वाकून पाहिलं आणि बटण दाबलं.

"पाडस."

मोठा मूस पडला तर मंडळाचा शिकारीचा एक परवाना संपतो. पाडस पडलं, की अर्धा. दगड राहिला होता, आवाज गेला होता; उन्तोचा हिशेबही तेवढाच.