पट्टा सोडून बाकी सगळी गाडी

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. दोनच माणसं बसतील अशी, ठेंगणी, लाल, एके काळी शर्यतीसाठी घडवलेली. लोक मला बघतात, फोटो काढतात आणि काय रुबाब आहे म्हणतात. रुबाब कसला? साठी केव्हाच उलटली माझी. मला कंटाळा आला आहे. नुकतंच मी चौथं घर पाहिलं आणि या वयात नवी जागा अंगवळणी पडत नाही. बसल्या बसल्या तुम्हाला माझी हकिगत सांगते. ऐकताना दार आपटू नका, एवढंच मागणं आहे.

माझा जन्म विलायतेतला. तिथे ऊन म्हणजे काय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जहाजातून मुंबईला उतरले आणि सावनेरकडच्या कोळसा खाणीवरच्या एका साहेबांनी मला हौसेने नेलं. खाणीवरच्या रस्त्यावर लाल मोटार आठवड्यात काळी होत असे. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी मला नागपूरच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलाला विकलं. त्याने मला कामठीच्या रस्त्यावर इतकं पळवलं की माझे नट ढिले झाले, पण खोटं कशाला बोलू, तेव्हा मजा आली. पुढे त्याचं लग्न झालं, मुलं झाली आणि दोन सीटच्या मोटारीत कुटुंब काही मावेना. मग जरीपटक्यातल्या त्यांच्या दुकानामागच्या बोळात मला उभी केली.

सुरुवातीला अंगावर ताडपत्री होती. एका पावसाळ्यात ती दुकानाच्या छपरावर गेली आणि परत आलीच नाही. नागपूरचा मे महिना मी बिनछपराचा काढला, एक नव्हे, कितीतरी. दुकानातली माणसं कूलरची जुनी खस माझ्या सीटवर टाकत. माझ्या एका दिव्यात चिमण्यांनी घरटं केलं. चिमण्यांबद्दल तक्रार नाही, निदान त्या रोज येत तरी होत्या.

रुपराव नावाचे एक मेकॅनिक त्या बोळात कोणाचा तरी बंद पडलेला टेम्पो दुरुस्त करायला आले होते. लकडगंजात आरागिरण्यांच्या मागे त्यांचं गॅरेज होतं. टेम्पो राहिला बाजूला आणि ते माझ्या बॉनेटवरची धूळ बाहीने पुसत बसले. दुकानदाराने मला भंगारात काढायचं ठरवलंच होतं, तो म्हणाला घेऊन जा. अशी मी तिसऱ्या घरी गेले.

मला उभं करायला त्यांना बरीच वर्षं लागली. दिवसभर लोकांच्या गाड्या आणि सुटीच्या दिवशी मी. पत्रा ठोकून सरळ केला, कार्बुरेटर रॉकेलमध्ये भिजत घातला, तारा नव्या ओढल्या. सीटचं कापड त्यांच्या बायकोने, पुष्पलताबाईंनी शिवलं. त्या उमरेडच्या विणकरांच्या घरातल्या, हात चांगला. मला मात्र त्या उघड उघड सवत म्हणायच्या. घरातला नळ गळत असताना नवरा माझ्या नळ्यांत डोकं घालून बसला की कोणत्या बाईला राग येणार नाही?

सगळं जमलं, पण बॉनेट बंद ठेवणारी कडी कुठेच मिळेना. शेवटी रुपरावांनी घरातल्या खुंटीवरून एक चामडी पट्टा काढून आणला. तो त्यांच्या बैलाच्या गळ्यातला होता, घुंगुरमाळेचा. सावनेरजवळची त्यांची शेती खाणीत गेली तेव्हा वडिलांनी बैलजोडी बाजारात विकली होती. त्यांच्याकडे रीत अशी की जनावर द्यावं, पण त्याच्या गळ्यातलं देऊ नये. घेणाऱ्याने आपलं दावं घेऊन यावं. म्हणून बैल गेले आणि घुंगुरमाळ परत आली. रुपरावांनी तिची घुंगरं उसवून ठेवली, चामड्याला तेल पाजलं आणि तो पट्टा माझ्या नाकावरून खाली घेऊन बकलाने आवळला. ऊन तापलं की त्याला अजून बैलाचा वास यायचा. मला विलायतेच्या मोटारीला आधी तो नको वाटला, मग त्याच्याशिवाय चुकल्यासारखं वाटू लागलं.

मग कौतुकाचे दिवस आले. जुन्या गाड्यांच्या फेरीत मला हार पडले. लग्नसराईत नवरदेव बसले आणि त्यांचे फेटे वाऱ्याने उडाले. दसऱ्याला पुष्पलताबाईच मला कुंकू लावत, तोंडाने सवत म्हणत म्हणत. पण रुपरावांचे गुडघे गेले. माझ्यात बसायला त्यांना जमायचं. उठायला मात्र पुष्पलताबाईंनी हात धरून ओढावं लागे, आणि ओढताना त्या दोघांना हसू यायचं. हळूहळू हसू कमी झालं आणि फेऱ्याही.

अशात गॅरेजच्या जागेच्या मालकाने सांगितलं की दसऱ्यानंतर तिथे इमारत उठणार, शेड रिकामी करा. रुपरावांच्या गल्लीत सायकल मुश्किलीने वळते. चुलतभावाच्या वावरात एक जागा होती, पण उघडी, डोक्यावर काही नाही. म्हणजे माझ्यासाठी पुन्हा जरीपटक्याचा बोळ. इतक्या वर्षांची मेहनत दोन पावसाळ्यांत गंजून जाईल हे रुपरावांना कळत होतं. त्या दिवशी ते माझ्या मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले आणि डोळे पुसताना त्यांनी ते लपवलं नाही.

त्यांची मुलगी अपेक्षा म्हणाली, आपण हिला ऑनलाइन लिलावात विकू, कदर असणारी माणसं तिथे भेटतात. तिने माझे इतके फोटो काढले की मला लाज वाटली. वरून, खालून, चाकांच्या मागून, आणि नाकावरच्या पट्ट्याचेही दोन-चार. लोकांना तो पट्टा फार आवडला. रुपरावांनी माझे सगळे दोष लिहायला लावले: डावं दार कुरकुरतं, थंडीत दुसऱ्यांदा चावी फिरवावी लागते, पाऊस आला तर भिजाल. अपेक्षा डोक्याला हात लावून टाइप करत होती.

त्यावर कहर म्हणजे रुपराव बोली लावणाऱ्यांनाच प्रश्न विचारू लागले. गाव कोणतं? उभी कुठे कराल? घरात चालवणारं कोण? एकाने उत्तर दिलं की हॉटेलच्या दारात काचेत ठेवणार. रुपराव आठवडाभर त्याच्या बोलीवर कुरकुरत राहिले. नाशिकच्या अभिजीत नावाच्या एका माणसाने मात्र सगळं नीट लिहिलं. पत्र्याची शेड आहे, वर जांभळाचं झाड आहे, रविवारी मी स्वतः चालवेन. रुपरावांनी उलट लिहायला लावलं की जांभूळ नको, रंगावर डाग पडतात. त्याने शेड हलवतो म्हणून कळवलं. शेवटच्या संध्याकाळी अपेक्षाचा मोबाइल टिंगटिंग करत राहिला, हॉटेलवाला आणि अभिजीत एकमेकांवर चढत गेले, आणि मी अभिजीतच्या नावावर लागले. सुटका झाली असं मला वाटलं.

अभिजीत ट्रक घेऊन आला. उंच, सडपातळ, चष्मेवाला. माझ्याभोवती हळू फिरला, दार न आपटता लावलं. मला बरा वाटला. चावी दिली, कागद झाले, पेढे खाऊन झाले. ट्रकवाल्याने फळ्या लावल्या, आणि तेवढ्यात रुपराव वाकले, माझ्या नाकावरचं बकल सोडलं आणि पट्टा गुंडाळून खांद्यावर टाकला.

अभिजीतने विचारलं, पट्टा का काढला? फोटोत जे आहे ते गाडीबरोबर येतं, असा लिलावाचा नियम आहे. शिवाय त्याच्याविना बॉनेट वाऱ्याने उघडेल. रुपराव म्हणाले, गाडी तुमची, हे नाही. अपेक्षाने नवा पट्टा आणून देते म्हटलं, पण अभिजीतला त्याच पट्ट्याची भुरळ पडली होती. त्याने लिलाववाल्यांना फोन लावला. तिकडून सांगितलं की गाडी अपुरी असेल तर व्यवहार आजच रद्द करता येईल. मी तिथे उघड्या नाकाने उभी होते आणि मला चुलतभावाचं ते उघडं वावर दिसत होतं.

"बाबा, देऊन टाका ना," अपेक्षा म्हणाली. "एका पट्ट्यासाठी गाडी सडवणार काय?"

रुपरावांनी खांद्यावरचा पट्टा घट्ट धरला. "बैल गेले, वावर गेलं. माझा बाप बाजारातून पायी आला तं त्याच्या हातात एवढंच होतं. त्यानं नाही देलं, अन् मी देऊ? मले नाही जमत."

बॉनेट उघडं पडू नये म्हणून रुपरावांनी त्यावर तळहात दाबून धरला होता. विकलेल्या गाडीवरून त्यांना हात काढवत नव्हता. अभिजीत त्या हाताकडे बघत राहिला.

मग पुष्पलताबाई पुढे झाल्या. त्या नवऱ्याला रागावतील असं मला वाटलं होतं. त्या वळल्या अभिजीतकडे.

"तुम्ही काहून रिकाम्या हातानं आले, बापू? जनावर न्याले येनारा आपलं दावं घेऊन येते."

अभिजीतने चष्मा पुसला. मग त्याने आपल्या पँटचा पट्टा ओढून काढला, माझ्या नाकावरून खाली घेतला आणि शेवटच्या भोकात बकल अडकवलं. पुरला, जेमतेम.

"हे माझं दावं," तो म्हणाला. "चालेल?"

रुपरावांनी तळहात उचलला. त्यांनी मान हलवून होकार दिला. अभिजीत एका हाताने पँट सावरत दुसऱ्या हाताने मोबाइलवर लिहीत होता की गाडी पूर्ण मिळाली. ट्रकवाला हसू दाबत होता. पुष्पलताबाई शेडमध्ये गेल्या आणि माझ्या सीटच्या शिलाईतून उरलेला सुती नाडा घेऊन आल्या. "कमरेले बांधा," त्या म्हणाल्या. "नाशिक लांब आहे."

आता मी इथे आहे. शेड खरंच हलवली आहे. दुकानातून खास मागवलेला भारी पट्टा आला, पण अभिजीतने तो खोक्यातच ठेवला. माझ्या नाकावर अजून त्याच्या पँटचाच पट्टा आहे, आणि रविवारी आम्ही हळूहळू गंगापूर रोडला जाऊन येतो. दुपारी कधी कधी रुपरावांचा फोन येतो. सावली आहे ना, एवढंच विचारतात. अभिजीत इंजिन सुरू करून फोन माझ्याजवळ धरतो. तिकडे ते ऐकत बसतात. बैलाचा पट्टा पुन्हा घरातल्या खुंटीवर गेला, असं पुष्पलताबाईंनी सांगितलं. रुपरावांनी उसवून ठेवलेली घुंगरं त्याला परत ओवली आहेत.

मित्रांनो, मी थकले आहे. मला आणखी हार नकोत, फोटो नकोत. पण एवढं ऐका. जुनी वस्तू, जुनं जनावर कोणाच्या दारातून आणायला जाल तेव्हा देणाऱ्याच्या हाताकडे एकदा बघा. त्याला काही ठेवून घ्यायचं असेल तर ठेवू द्या. आणि जाताना आपलं दावं घेऊन जा.