खऱ्या जरीचा शालू

"आत्ती, आणि हा जांभळा तुकडा कुठला?"

संयोगितेनं वाकळीच्या एका ठिगळावर बोट ठेवलं. वाकळ अंगणातल्या दोरीवर पसरली होती आणि संयोगिता मोबाइल घेऊन तिच्याभोवती मघापासून फिरत होती. अंजनाबाई उत्तर देणार, तेवढ्यात बाजेवर बसलेले लालासाहेब म्हणाले, "सेलम. देवळामागची गल्ली. दुकानासमोर फुलवाली बसायची, तोंडानं लय फटकळ."

"मामा, काय लक्षात राहतं हो तुमच्या!"

लालासाहेब खुशीत हसले. मग अंजनाबाईंकडे वळून अदबीनं म्हणाले, "बाई, तुमी बी बसा की. कवाच्या हुभ्या हायसा."

संयोगितेचं बोट ठिगळावर होतं तिथंच राहिलं. अंजनाबाई मात्र पदर सावरून बाजेच्या कडेला बसल्या.

"असंच चाललंय," त्या भाचीला हळूच म्हणाल्या. "गावं समदी ध्यानात हायती. बायकू तेवढी निसटली."

म्हातारपणी माणूस विसरतो, हे अंजनाबाईंना मान्य होतं. चष्मा विसरावा, जेवलेलं विसरावं. पण जन्मभर 'अंजे, चहा टाक' म्हणून हाळी देणाऱ्या माणसानं एके दिवशी 'बाई, जरा च्या मिळंल का?' असं विचारावं, हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं. नवऱ्यानं शिवी दिली असती तरी चाललं असतं. हे 'तुमी' त्यांना सोसत नव्हतं. आपण या माणसाच्या मनात कुठं तरी शिल्लक आहोत की पार पुसून गेलो, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

विट्याकडच्या बऱ्याच घरांसारखं यांचंही घर गलाईवाल्यांचं. सोनं-चांदी गाळायचं दुकान टाकायचं, तेही हजार मैल लांब. आधी कटक, मग बरेली, मग मदुराई, शेवटी सेलम. गावाकडच्या बायकांना वाटायचं, अंजना सोन्यात लोळतेय. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, हे त्यांना कोण सांगणार? दुकानामागची एक खोली, खिडकी भट्टीकडं उघडणारी, आणि बाहेर बोलावं तर भाषा येत नाही. अशा खोलीत बाई करणार काय? अंजनाबाई वाकळी शिवू लागल्या.

कापडाला तोटा नव्हता. जुन्या जरीच्या साड्या दुकानात मोडीत यायच्या. जरीचे काठ कापून भट्टीत जाळायचे आणि राखेतून चांदी काढायची, हा धंद्याचाच भाग. काठ गेल्यावर उरलेलं अंगाचं कापड लालासाहेब खोलीत टाकायचे. "घे, तुझा वाटा!" कुणाच्या लग्नातली, कुणाच्या डोहाळजेवणातली साडी. अंजनाबाईंनी त्या अनोळखी बायांचे रंग एकमेकींना जोडले आणि धावदोऱ्यानं गच्च शिवून टाकले.

आता संयोगिता साताऱ्यात हातच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवत होती. एकेक दालन एकेका विषयाचं. 'थंडी'त माणदेशातली घोंगडी, 'स्वयंपाकघरा'त बुरुडाची सुपं आणि रोवळ्या. 'प्रवास' या दालनात मात्र एकच वस्तू टांगायची, आत्तीची वाकळ.

"तुम्ही दोघंही या. तू वाकळीपाशी उभी राहून लोकांना सांगायचं."

"मी काय सांगणार, बाई?"

असं म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्या मनानं केव्हाच एसटी धरली होती. पांघरलेली वाकळ लालासाहेबांनी रोज पाहिली होती. सबंध भिंतीवर, उजेडात, उलगडलेली पाहतील तेव्हा तरी यांना आठवेल, ही कुणी शिवली. तेवढ्यासाठी सातारा काय, सेलमपर्यंत परत जायची त्यांची तयारी होती.

विटा-सातारा गाडीत लालासाहेब खिडकीशी बसले. "मदुराईला कवा पोचंल?" असं त्यांनी कंडक्टरला विचारलं. कंडक्टर भला माणूस, "पोचतोय की दादा," म्हणाला. कराडला अंजनाबाईंनी त्यांना केळं सोलून दिलं. त्यांनी अर्धं मोडून परत पुढं केलं, "तुमी बी खावा, बाई." अंजनाबाईंनी ते खाल्लं, पण ते काही गोड लागलं नाही.

हॉलमध्ये वाकळ टांगलेली पाहून मात्र अंजनाबाई स्वतःच थबकल्या. एवढी मोठी आहे ही? इतके रंग? खाली पाटी होती, 'अंजना लालासाहेब यांची वाकळ'. आपलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत त्यांनी लग्नपत्रिकेतही पाहिलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याचा हात धरून त्याला समोर नेलं.

"बघा. वळखली का?"

लालासाहेबांनी मान वर करून वाकळ खालपासून वरपर्यंत न्याहाळली.

"झकास हाय," ते म्हणाले. "कुणाची?"

"हाय एका बाईची," अंजनाबाई म्हणाल्या आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. समोर माणसं यायला लागली होती, रडायला सवड कुठली?

हळूहळू त्यांची जीभ सुटली. बायका विचारत होत्या, त्या सांगत होत्या. हा कटकचा, हा बरेलीचा. कुणीतरी मधल्या तुकड्याकडं बोट दाखवलं. सगळ्या वाकळीत तेवढ्याच एका तुकड्याला जरीचा काठ होता.

"ह्यो माझ्या लग्नातला शालू. इरला तवा काठासकट हितं जोडला," अंजनाबाईंचा आवाज आपोआप चढला. "धंदा बसला का मीच म्हणायची, माझा शालू घ्या, जाळा. दुनियेच्या जरी जाळत्यात, ही बी जाळा. पण मालकानी कवा हात लावू दिला न्हाई. म्हणायचे, अंजे, तुझ्या शालूला भट्टी दावायची न्हाई म्हंजे न्हाई. खरी जर हाय, बाई. पर ती भट्टीत गेली न्हाई."

ऐकणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या बहिणीला घेऊन येते," असं म्हणून ती घोंगड्यांकडं वळली. हा शालू म्हणजे अंजनाबाईंची जन्माची मिरवणूक होती. दागिना नव्हता, पण ही गोष्ट होती.

त्या सांगण्यात रमल्या आणि तिकडं लालासाहेब खुर्चीवरून उठले. उद्घाटनाच्या समईपाशी काड्यापेटी पडली होती, ती त्यांनी उचलली. जित्याची खोड ती! वाकळीपाशी येऊन त्यांनी काठातला एक धागा नखानं उपसला, चटकन तोडला आणि काडी ओढली.

"अहो आजोबा! आग! आग!"

एकच गलका झाला. संयोगिता धावत आली, कुणीतरी पाण्याची बाटली उपडी करायला निघालं. अंजनाबाईंनी सगळ्यांना हातानं थोपवलं. "भिऊ नगा. धागा जाळून जर तपासत्यात. धंद्याची सवय हाय." त्यांनी नवऱ्याच्या हातातून काड्यापेटी काढून घेतली. लालासाहेबांना कशाचंच भान नव्हतं. चिमटीतला जळका धागा ते नखावर घासत होते, उजेडाकडं धरत होते. डोळ्यांत पूर्वीचं तेज आलं होतं. गर्दी पांगली तशी त्यांनी अंजनाबाईंना खुणेनं जवळ बोलावलं.

"बाई, जरा हिकडं या. कान करा."

अंजनाबाई वाकल्या.

"तांबं हाय. चांदी नावाला बी न्हाई. ह्यो शालू मीच घेतलाता, लगीन ठरलं तवा. खरा झेपत न्हवता." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "आमच्या कारभारणीला तेवढं सांगू नगा. भट्टीत घातला आसता तर तिला कळलं आसतं. मी घालूच दिला न्हाई. लय मिरवती वो त्यो शालू. तिचं मन मोडंल."

अंजनाबाईंना संताप यायला हवा होता, तो शोधूनही सापडला नाही. ज्या माणसाच्या मनात आपण आहोत की नाही म्हणून त्या झुरत होत्या, तो त्यांनाच त्यांच्यापासून सांभाळत होता.

"न्हाई सांगत," त्या म्हणाल्या.

"शबूद?"

"शबूद."

तेवढ्यात मघाची बाई बहिणीला घेऊन परत आली. "आजी, हिला ती शालूची गोष्ट सांगा ना. ही खरी जर आहे ना हो?"

लालासाहेबांनी घाबरून अंजनाबाईंकडं पाहिलं.

"खरी म्हंजे?" अंजनाबाईंनी पदर खोचला आणि काठावर हात ठेवला. "आवं, आमच्या मालकानी पारखून घेतलेली जर हाय. हात लावून बघा. धंदा बसला का मी म्हणायची, शालू घ्या, जाळा..."

त्या पहिल्यापासून सगळं सांगत राहिल्या. लालासाहेब खुर्चीवर मागं रेलून बसले. या अनोळखी बाईनं शब्द पाळला म्हणून त्यांनी तिला लांबूनच हात जोडले.