शाईचा डावा डोळा

“फोटोत आहे तसंच पिल्लू आहे, असं फोनवर सांगितलंत की नाही मला?” वेताची टोपली टेबलावर ठेवत गृहस्थ म्हणाले.

“सांगितलं. आणि आहेच तसं!” वहिनींचा आवाज चढला. “मी मांजरं वाढवते हो, थापा नाही मारत.”

टोपलीतून काळ्याभोर पिल्लाने डोकं वर काढलं. उजवा डोळा टपोरा, पिवळाधमक. डाव्याच्या जागी मिटलेल्या पापण्यांची नुसती एक रेघ.

नवे फोटो वेबसाइटवर चढवायला आज वहिनींकडे आलेल्या मावशी संगणकासमोरून वळल्या. पिल्लाला त्या प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होत्या, पण कानाच्या टोकापासून शेपटीपर्यंत त्याला ओळखत होत्या. ही शाई.

वहिनींकडची पिल्लं लोक वेबसाइटवर बघून पसंत करत, आणि त्या फोटोंच्या मागची चित्रं बदलायचं काम मावशींचं. वहिनी फोटो काढत तेव्हा पिल्लाच्या मागे पत्र्याचं कपाट, बादली, वाळत घातलेले टॉवेल, काय वाटेल ते येई. मावशी घरी बसून पिल्लाच्या कडेचा एकेक केस त्या पसाऱ्यातून सोडवत आणि त्याला हिरवळीवर नाहीतर खिडकीतल्या उन्हात नेऊन बसवत. पायाखाली सावली द्यायला विसरत नसत. सावली नसली की मांजर हवेत तरंगल्यासारखं दिसतं. पानाच्या कडेने फिरणारी इवल्या पंजांची नक्षीही त्यांचीच.

त्याआधी बत्तीस वर्षं त्या एका फोटो स्टुडिओत होत्या. मिटलेले डोळे उघडण्यात त्यांचा हातखंडा. दहा जणांच्या फोटोत एखाद्याची पापणी पडलेली असायचीच. एक डोळा बरा आला असेल तर मावशी तोच उलटा करून दुसऱ्या जागी बसवत. दोन्ही मिटलेले असले तर जुन्या फोटोतून आणत. कुणी गेलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो घेऊन येई आणि काउंटरवर घुटमळे. “मावशी, एवढं बघाल का?” मावशी बघत. बत्तीस वर्षांत एकही तक्रार नाही. मग स्टुडिओ बंद पडला, आणि हातात राहिलं ते वहिनींचं हे काम.

शाईचा फोटो आला तेव्हा त्या हसल्याच होत्या. “मेली नेमकी आत्ता डोळा मिचकावते!” असं म्हणत त्यांनी सवयीने तिचा उजवा डोळा डावीकडे बसवून टाकला. वहिनींना विचारावं, असं मनातही आलं नाही. वहिनींनी फोनच्या बोटभर पडद्यावर नवी हिरवळ बघितली आणि खूश झाल्या. डोळ्याकडे लक्ष गेलं नाही.

“आमच्या घरात जिना आहे,” गृहस्थ सांगत होते. “चार दिवसांत दोनदा पडली ही. माझी मुलगी म्हणते, असू दे बाबा, आपलीच आहे. सात वर्षांची आहे ती. फोटो बघून तिनेच निवडली होती, आणि तुम्ही टोपली गाडीने पाठवलीत. आता तिला काय सांगू? बाबाने खोटं आणून दिलं?”

“अहो, पण फोटोत डोळा मिटलेलाच आहे! मला वाटलं, तुम्ही बघूनच घेताय.” वहिनी मावशींकडे वळल्या. “मी फोनमधून पुसला तो फोटो, पण मावशींकडे असेल. मावशी, मी पाठवला तेव्हा डोळा मिटलेलाच होता ना? सांगा की यांना!”

मूळ फोटो आता फक्त मावशींच्या पर्समधल्या पेनड्राइव्हवर होता. ‘मला तर उघडाच आला’ एवढं म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? वहिनी खोट्या पडल्या असत्या आणि काम टिकलं असतं.

“मिटलेला होता,” मावशी म्हणाल्या. “मी उघडला.”

“म्हणजे?” गृहस्थांना कळेना.

“वाटलं, फोटो काढताना पापणी पडली असेल. आम्ही करतो तसं... करायचो.”

गृहस्थांनी शाईच्या कपाळावरून एकदा बोट फिरवलं, टोपली तिथेच ठेवली आणि चपला घालून निघून गेले.

“मी तुम्हाला मागची भिंत बदलायला सांगितली होती, मावशी,” वहिनी दाराकडे बघत म्हणाल्या. “मांजर नाही.”

“चुकलं माझं.”

“आता उरलेल्या पिल्लांवर तरी कोण विश्वास ठेवणार? सगळे फोटो होते तसे करा. बादलीसकट. आणि पुढचं... पुढचं मी दुसऱ्या कुणाला तरी सांगीन.”

मावशींनी मान हलवली. उठून त्या टोपलीपाशी गेल्या आणि डावीकडून हात पुढे केला. शाई दचकली, फिस्कारून कोपऱ्यात अंग चोरून बसली.

“तिकडून नका!” वहिनी ओरडल्या. “उजवीकडून जा. आधी हाक मारा, मग हात.”

मावशी फिरून पलीकडे गेल्या. “शाई.” पिल्लाने मान वळवली, बोट हुंगलं आणि त्याच्यावर हनुवटी घासली.

मग मावशी कामाला बसल्या. दुपारपर्यंत एकेक हिरवळ गेली, ऊन गेलं, कपाट आणि टॉवेल परत आले. वहिनी मागे पिल्लांना भरवत होत्या. शेवटी शाईचा फोटो लावून झाला. त्याच्याखाली आजवर फक्त ‘मादी, तीन महिने’ एवढंच होतं. मावशींनी पुढे लिहिलं:

‘डाव्या डोळ्याने दिसत नाही. उजवीकडून हाक मारावी, मग हात लावावा. जिन्याच्या घरी देणार नाही.’

हात पुसत वहिनी खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. दोनदा वाचलं.

“‘कृपया’ घाला,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“हाक मारायच्या आधी.”

मावशींनी घातलं. मग चष्मा काढून त्याच्या डबीत ठेवला आणि खुर्ची वहिनींसाठी मोकळी करून त्या उठल्या.