गुरुवारचं तळण

"तेल नाही तापवणार मी," बुरुलकान म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

जोल्दोश पास्टर दारात उभा होता. वयानं तो तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, म्हणून मंडळीचा पुढारी असूनही तिला थोरल्या बहिणीसारखं 'एजे' म्हणायचा. "एजे, अहो बोर्सोकच मागताहेत पाहुणे. अख्खा घोडा नाही मागितला त्यांनी."

"पित्त आहे मला. तळणाच्या वासानं डोकं उठतं."

"सात वर्षं ऐकतोय हे पित्ताचं. गुरुवारी मुलांच्या शिबिराचा शेवटचा दिवस. शंभर पोरं येणार, आया येणार. ताटात बोर्सोक नसला तर गावातल्या बायका काय म्हणतील? येशूच्या घरी तेल संपलं म्हणतील."

बुरुलकानला हसू आलं नाही. एरवी आलं असतं. आमच्याकडे बोर्सोक म्हणजे काही पक्वान्न नव्हे; शंकरपाळ्याएवढे पिठाचे तुकडे, तेलात सोडले की टम्म फुगतात. बारसं असो की मयत, सतरंजीवर आधी बोर्सोक पसरतात, मग बाकीचं. बोर्सोक न तळणारी किर्गिझ स्वयंपाकीण म्हणजे पोहता न येणारा बेडूक. पण मंडळीच्या त्या घरात सात वर्षं बुरुलकान सगळं भाजत होती, उकडत होती, शिजवत होती. तळत मात्र नव्हती.

"बघते," ती शेवटी म्हणाली. जोल्दोशला तेवढं पुरे होतं. तो निघून गेला.

पाहुणे कोरियाचे. दर जुलैत येतात, अकरा-बारा जण, सगळ्यांचे सदरे एका रंगाचे. यंदा नारिंगी होते. आठ दिवसांची सेवा असते त्यांची. पहाटे सहाला गिटार वाजते, गाणी होतात, मग प्रार्थना. नाश्त्याला त्यांचा तो चिकट भात आणि सोबत आणलेल्या बरणीतली तिखटजाळ कोबी, जिच्या वासानं आमची मांजर तीन दिवस घरी आली नाही. मग पोरांचा खेळ, कुंपणाला रंग, म्हाताऱ्यांना फुकट चष्मे. त्या चष्म्यांपायी गावात नुसती धमाल. सारिबाय म्हाताऱ्यानं हट्टानं जांभळ्या काड्यांचा बायकी चष्मा घेतला, घरी जाऊन बायकोकडे पाहिलं आणि संध्याकाळी परत आणून दिला. "पूर्वीचंच बरं होतं," म्हणाला.

बुरुलकानला हे पाहुणे आवडायचे. येताना हसतात, जाताना रडतात, मध्ये भांडी घासू लागतात. दर वर्षी कोणी तरी तिला साक्ष द्यायला सांगतं, म्हणजे प्रभूनं आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. ती सांगते. मुलगा गेला, त्याच वर्षी नवराही दारूत गेला, मी अंथरुणाला खिळले, गावातलं कोणी फिरकेना, तेव्हा जोल्दोशच्या मंडळीतल्या बायका रोज येऊन मला भरवायच्या, न्हाऊ घालायच्या. दुभाषी वेरा ते कोरियनमध्ये सांगते, पाहुणे डोळे पुसतात. सगळं खरं असतं. फक्त तिनं बाप्तिस्म्याच्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभं राहून दिलेला शब्द त्यात नसतो. मेलेल्यांना हाक मारणार नाही, त्यांच्या नावानं काही करणार नाही, असा तो शब्द होता.

आणि आमच्याकडे मेलेल्यांच्या नावानं जे करतात, ते तेलाशिवाय होत नाही. गुरुवारी कढई तापवायची, तळहाताएवढ्या सात पुऱ्या तळायच्या. मेलेल्याला दात नसतात, जीभ नसते, वास तेवढा पोहोचतो. वासानं त्याचं पोट भरतं. मग पुऱ्या जिवंतांनी खायच्या आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवून 'पोहोचो' म्हणायचं.

बुरुलकानच्या एर्मेकला सात वर्षं काही पोहोचलं नव्हतं.

एकोणीस वर्षांचा होता. बर्फ वितळून नदी फुगलेली, पलीकडे घोडी अडकलेली, हा आणायला गेला. घोडी परत आली. त्याला गावाच्या दफनभूमीत पुरलं, टेकडीवर, मंडळीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा बुरुलकानचा बाप्तिस्मा व्हायचा होता. झाल्यावर गावातल्या मुसलमान वडीलधाऱ्यांनी निरोप धाडला की तुझा मुलगा आमचा, पण तुला तिथे जागा नाही. ते तिनं गिळलं. मेल्यावर कुठे का पुरेनात, वरती भेट होणारच आहे, असं जोल्दोशनं समजावलं होतं आणि तिचा त्यावर विश्वास होता.

पण या वसंतापासून एर्मेक यायला लागला होता.

गुरुवारी पहाटे, उजाडायच्या आधीच्या झोपेत. अंगात तेच भिजलेलं जाकीट. आत यायचा नाही. उंबऱ्यावर उभा राहायचा, पाणी निथळत असायचं, आणि नाक वर करून हुंगायचा. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी हुंगत आईला विचारायचा ना, "अपा, काय तळतेयस?" तसा. आता विचारत नव्हता. नुसता हुंगायचा आणि चेहरा पडायचा. बुरुलकान जागी व्हायची. उठून उंबरा चाचपायची. कोरडा असायचा.

ही गोष्ट तिनं एकट्या कुलीपाला सांगितली. कुलीपा तिची थोरली जाऊ. सासरच्या बाकी सगळ्यांनी तोंड फिरवलं. कुलीपानं फिरवलं नाही, कारण मग टोमणे कोणाला मारणार?

"येणारच!" कुलीपा म्हणाली होती. बुधवारी दुपारी, कुंपणाच्या पलीकडून, कारण मंडळीच्या आवारात ती पाय ठेवत नसे. "उपाशी आहे पोर. दर गुरुवारी दुसऱ्यांच्या दारी वास हुंगत फिरत असेल, भिकाऱ्यासारखा. आई जिवंत असून."

"तू तळ ना त्याच्यासाठी."

"तळत नाही होय? दर वेळी तळते. आईच्या हातचं असतं का ते? चुलतीचं तळण चुलतीचंच." मग आवाज जरा उतरला. "सात पुऱ्यांचा तर प्रश्न आहे गं. पोट भरलं की कशाला येईल तो उंबऱ्यावर उभा राहायला? निजेल बिचारा."

"शब्द दिलाय मी, कुलीपा."

"कोणाला? देवालाच ना? त्याचाही मुलगा गेलाच होता की. त्याला नाही कळणार?"



गुरुवारी सकाळी बुरुलकाननं आधी प्रार्थना केली. मग कढई घेतली. मग खिडकी लावली, कडी घातली, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं. शंभर पोरांसाठी तळायचं होतं, तळणार. पण वास या चार भिंतींबाहेर जाऊ द्यायचा नाही. गुरुवार आहे, वास टेकडीवर गेला तर एर्मेक उठून बसेल, आपल्याचसाठी आहे समजेल. मेलेल्या पोराला फसवायचं की देवाला, यातलं काहीच तिला नको होतं.

मदतीला क्वॉनआजी आल्या. पाहुण्यांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, सत्तरीच्या, पाठीला बाक. त्यांच्याबरोबर वेरा. वेरा जन्मानं ताश्कंदची कोरियन, वीस वर्षं आमच्यात राहिलेली, आणि स्वभावानं आळशी. पाहुणे पाच मिनिटं बोलले तरी ती भाषांतर एकाच वाक्यात करायची, "देव तुमच्यावर प्रेम करतो, म्हणताहेत."

आजींनी पीठ मळायला घेतलं. हात मुरलेला होता, बुरुलकाननं ते लगेच ओळखलं. एक लाटत होती, दुसरी तळत होती, बोर्सोक फुगून वर येत होते आणि खोलीत धूर साचत होता. थोड्या वेळानं वेराला ठसका लागला.

"एजे, जुलै आहे! खिडकी उघडा, नाहीतर आपणच तळून निघू."

"माश्या येतात."

"येऊ देत की, त्यांनाही पाहुणचार."

"नको म्हटलं ना!" बुरुलकान ओरडली.

दोन घमेली भरली. शेवटचा गोळा उरला. तो बुरुलकाननं लाटला, सुरी घेतली तुकडे पाडायला, आणि सुरी ठेवून वाटी घेतली. वाटी उपडी दाबली. एक गोल सुटला. दुसरा, तिसरा. हात सवयीनं चालत होते, आईच्या, आजीच्या हातांसारखे. सात गोल पाटावर मांडून झाल्यावर तिनं काय केलंय ते तिला दिसलं, आणि ती जमिनीवर बसली.

आजींनी काही तरी विचारलं. वेरा म्हणाली, "या पुऱ्या कोणासाठी, असं विचारताहेत."

बुरुलकाननं सांगितलं. साक्ष देतात तसं उभं राहून नव्हे, जमिनीवर बसून, पिठाचे हात मांडीवर टाकून. जाकीट, उंबरा, हुंगणं, सगळं. खिडकी का लावली तेही. वेरानं पहिल्यांदाच शब्दाला शब्द लावून सांगितलं, आणि सांगता सांगता तिचाच आवाज फाटला.

आजींनी हातांचं पीठ झाडलं. मग हळूहळू बोलल्या. वेरा मागोमाग सांगत गेली.

"म्हणताहेत, माझा नवरा मासेमारीला जायचा. बोट परत आली नाही. दर वर्षी त्या तारखेला सासू भात रांधायची, मासा ठेवायची आणि दार उघडं टाकायची. थंडी असो, बर्फ असो. म्हणायची, बंद दारातून तो येईल कसा? सासू गेली, मी येशूची झाले, आणि ते बंद केलं. चाळीस वर्षं झाली. पश्चात्ताप नाही मला. देव मला खरा भेटलाय. पण..." वेरा थांबली. "पण म्हणताहेत, ती तारीख आली की मी घरात थांबत नाही. मुलीकडे जाते. तो आला आणि दार बंद असलं तर, ते मला बघायला नको."

आजी उठल्या. बाक आलेल्या पाठीनं खिडकीपाशी गेल्या. कडी घट्ट होती, त्यांनी दोन्ही हातांनी ओढली. खिडकी उघडली. धूर हलला आणि बाहेर निघाला. मागे वळून त्या एकच वाक्य बोलल्या.

"गरम होतंय, म्हणताहेत," वेरा म्हणाली.

बुरुलकान उठली. सातही पुऱ्या एकेक करून तेलात सोडल्या. तोंडानं काही म्हटलं नाही, नाव घेतलं नाही. पुऱ्या फुगल्या, पालटल्या, तांबूस झाल्या. खिडकीबाहेर पॉपलरची झाडं होती, त्यांच्यापलीकडे टेकडी, आणि वारा त्याच बाजूला होता.

जोल्दोश घमेली न्यायला आला तेव्हा ताटलीतल्या पुऱ्या त्याला दिसल्या. तोही इथलाच, इथल्याच आईच्या पोटचा. मोजायची गरज त्याला नव्हती. त्यानं पुऱ्यांकडे पाहिलं, उघड्या खिडकीकडे पाहिलं, मग बुरुलकानकडे. तिनं मान खाली घातली नाही.

"घमेली जड आहेत," तो म्हणाला. "वेरा, एक बाजू धर." आणि गेला. त्यानंतर तो विषय त्यानं कधीही काढला नाही. पण पुढच्या रविवारी प्रवचन देताना तिच्या बाजूला पाहिलं नाही, हे तिला कळलं. ते तिला लागलं आणि तिनं ते सोसलं.

दुपारी शिबिराचा गोंगाट चालला असताना कुलीपा कुंपणापाशी येऊन उभी राहिली. "वास आला," म्हणाली. आणि सात वर्षांत पहिल्यांदा कुंपणातून आत आली. स्वयंपाकघराच्या पायरीवर दोघी जावा बसल्या. पाहुण्यांच्या आजीही बसल्या, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पुऱ्या तिघींनी खाल्ल्या. कुलीपानं दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि "पोहोचो" म्हणाली. बुरुलकाननं हात मांडीवरच ठेवले. डोळ्यांतलं पाणी मात्र तिच्यानं आवरेना.

"मीठ कमी आहे," कुलीपा म्हणाली. "पण त्याला तुझ्याच हातचं अळणी आवडायचं."

शुक्रवारी नारिंगी सदरे गेले. निरोपाची गाणी झाली, फोटो झाले, सगळे रडले. क्वॉनआजींनी बुरुलकानचे दोन्ही हात धरून ठेवले आणि काही बोलल्या नाहीत. वेरा म्हणाली, "देव तुमच्यावर प्रेम करतो, म्हणताहेत," आणि मग स्वतःच डोळे पुसायला लागली.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी बुरुलकान लवकर आडवी झाली. का, ते तिनं स्वतःलाही सांगितलं नाही. तो कसा दिसेल, एवढंच मनात होतं. जाकीट वाळलं असेल का? हसेल का? "अपा, पोट भरलं," म्हणेल का? एकदा तरी उंबरा ओलांडून आत येईल का?

गुरुवारी जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. गाई कुरणाकडे निघाल्या होत्या. रात्रभर गाढ झोप लागली होती, आणि झोपेत कोणी आलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. त्याच्याही पुढच्या नाही.

निजला, ती स्वतःला म्हणाली. पोट भरलं त्याचं, निजला. चांगलंच झालं की. हेच तर हवं होतं.

मग तिनं बादलीत पाणी घेतलं, फडकं भिजवलं, दार सताड उघडलं आणि उंबऱ्यापाशी गुडघ्यांवर बसली. उंबरा कोरडा होता. तिनं तो ओल्या फडक्यानं पुसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि वाळेपर्यंत तिथेच बसून राहिली.