मैंदर्गीची रायफल

"काका, एकदा बघून दाखला द्या. रायफल चालू स्थितीत आहे म्हणून," असं म्हणत त्या तरुणानं कापडात गुंडाळलेलं ओझं टेबलावर ठेवलं.

गुरप्पानं कापड बाजूला केलं आणि त्याचे हात तिथंच थांबले. दस्त्यावर पितळेची गोल तबकडी, संस्थानच्या फौजेची. ही रायफल त्यानं याआधी एकदाच पाहिली होती, कोर्टात, लांबून. तेव्हा तिला हात लावायची परवानगी त्याला नव्हती. मेलेल्या पोराचा बाप म्हणून त्याला मागच्या बाकावर बसवलं होतं.

"कुणाची म्हनायची ही?"

"आमचीच. पणजोबांची. आता परवाना माझ्या नावावर करायचाय. मी आशिष, मैंदर्गीच्या अण्णारावांचा मुलगा."

नवी पेठेच्या मागच्या बोळात गुरप्पाचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. शहरात असं काम करणारा आता तोच एक उरला होता, त्यामुळे कधी ना कधी ही रायफल आपल्याकडे येणार हे त्याला ठाऊक होतं. अकरा वर्षं तो तिची वाट बघत होता.

त्याचा शिवू वरातीत दिवे धरायचं काम करायचा. मैंदर्गीच्या एका वरातीत अण्णाराव नाचता नाचता बार काढत होते, आणि त्यातलीच एक गोळी शिवूच्या छातीत शिरली. बंदूक हातातून निसटली, दस्ता जमिनीवर आपटला आणि गोळी आपोआप सुटली, असं अण्णारावांनी कोर्टात सांगितलं. साक्षीदारांनीही तेच सांगितलं. बंदूक फार जुनी आहे, तसं घडणं अशक्य नाही, असं तपासणाऱ्यानं लिहिलं. अण्णाराव सुटले. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांच्या गळ्यात हार पडले, तेव्हा त्याची बायको काशम्मा तिथंच बसली होती. गर्दी तिला वळसा घालून गेली.

"वडील कुटं हायत?" गुरप्पानं विचारलं.

"गाडीत बसलेत. त्यांना लकवा झालाय, चालता येत नाही नीट."

"परवाना त्यांच्या नावावर हाय न्हवं? मग त्यांच्यासमोरच तपासणार. आना त्यांना."

आशिष गेला. गुरप्पानं नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट बाहेर काढला, रॉकेलच्या फडक्यानं पुसला आणि भिंग डोळ्याला लावलं. बोल्ट मागं ओढला की आतला घोडा एका खटक्यावर अडकून राहतो. चाप ओढला तरच खटका खाली सरकतो आणि घोडा सुटतो. खटक्याची धार झिजून गोल झाली असेल, तर मात्र नुसत्या धक्क्यानंही गोळी उडते. त्याला बघायची होती ती धार.

धार शाबूत होती. वापरानं चकाकी आली होती, पण कड सरळ होती. घोड्याची खाच तिच्यावर चपखल बसत होती. दोघं एकमेकांना घासत म्हातारे झाले होते, तरी कुणीच झिजलं नव्हतं. त्यानं बोल्ट परत घालून हलवून पाहिला. फट नव्हती. फट मोजायचं गेज घातलं, तेही बरोबर बसलं.

म्हणजे बोट होतं. चापावर बोट होतं.

टेबलाच्या खणात एक जुना, निकामी बोल्ट पडून होता. गुरप्पानं तो हातात घेतला. हा बसवून दिला तर कधीतरी बार काढताना आग उलटी येईल आणि बार काढणाऱ्याचं तोंड भाजून निघेल. बराच वेळ तो त्याचं वजन तळहातावर तोलत राहिला. पण आता बार काढणार तो पोरगा. त्याचं तोंड भाजून गुरप्पाला काय मिळणार होतं? त्याला दुसऱ्याच कुणाचं तोंड हवं होतं. त्यानं बोल्ट खणात टाकला.

आशिषनं वडिलांना धरून आणलं. त्यांचा उजवा हात लोंबकळत होता. गुरप्पाला बघताच अण्णाराव उंबऱ्यातच अडले.

"हितं कशाला आनलास मला?" ते मुलावर ओरडले. जीभ जड झाली होती.

"कूडरी, अण्णाराव. बसा की," गुरप्पा म्हणाला. आवाज एकदम शांत होता. त्यानं लोखंडी स्टूल पुढं सरकवलं, आशिषनं वडिलांना त्यावर बसवलं. गुरप्पानं रिकाम्या रायफलीचा बोल्ट ओढून घोडा चढवला आणि ती आशिषच्या हातात दिली. "धरा. दस्ता खाली आपटा."

"का?"

"आपटल्यावर आपोआप सुटती म्हनत्यात तुमची बंदूक. ते बगाय नको? रिकामी हाय, भिऊ नका."

आशिषनं आपटली. काही झालं नाही.

"जोरात."

त्यानं पुन्हा आपटली. फरशी दणाणली, टेबलावरचे स्क्रू उडाले. खटका धरून होता.

"लई जोरात. ताकद लावा की."

आशिषचा चेहरा लाल झाला होता. त्यानं दोन्ही हातांनी उचलून आपटली, परत परत आपटली, आणि मग स्वतःच थांबला. त्याला धाप लागली होती.

"आता चाप ओढा."

टक्.

एवढासा आवाज, पण अण्णाराव दचकले.

"दादा," आशिष वडिलांना म्हणाला, "तुमच्या हातातून पडली होती ना? तुम्हीच सांगितलं होतं. मी हॉस्टेलवर होतो, फोनवर रडत होतात."

 अण्णारावांचं तोंड वाकडं झालं.

"त्या पोरानं तोंड वर करून उत्तर दिलं मला. सगळ्या वऱ्हाडासमोर! दिवे धरनारं पोरगं. भ्या दाखवाय गेलो, तर..."

"कोण पोरगं?" आशिषनं विचारलं.

"माजं," गुरप्पा म्हणाला. "शिवू."

आशिषनं रायफल टेबलावर ठेवली. वडिलांकडे एकदा बघितलं आणि तो पायऱ्या उतरून निघून गेला. "आशिष! आरं आशिष!" अण्णाराव हाका मारत राहिले. बोळातून तो मागं वळला नाही.

"मला उटीव, गुरप्पा."

गुरप्पानं दुसऱ्या कुणाची तरी एकनळी बंदूक पुढ्यात ओढली आणि ती खोलायला घेतली.

"पानी तरी दे."

त्यानं पाणीही दिलं नाही. संध्याकाळी गाडीचा ड्रायव्हर शोधत येईपर्यंत अण्णाराव त्या लोखंडी स्टुलावर एका अंगानं कलून बसून होते. गुरप्पा अधूनमधून मान वर करून त्यांच्याकडे बघत होता. पोटभर बघून घेत होता.

घरी जाऊन त्यानं सगळं काशम्माला सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. पोरगा कसा निघून गेला हे त्यानं दोनदा सांगितलं. काशम्मानं भाकरी थापायची थांबवून ऐकलं.

"मंग, काय म्हनला हुता शिवू त्याला?" तिनं विचारलं.

"आं?"

"तोंड वर करून उत्तर दिलं म्हनला न्हवं त्यो. काय उत्तर दिलं?"

गुरप्पा चुलीतलं लाकूड आत सारू लागला.

"इचारलं न्हाईस?"

"न्हाय."

"इचारायचं हुतं की," ती हळू म्हणाली. "त्येचं शेवटचं बोलनं तेवढं कळलं असतं मला."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

सकाळी दुकान उघडायच्या वेळेला गुरप्पा मैंदर्गीच्या एसटीत खिडकीपाशी बसला होता, दोन्ही रिकामे हात मांडीवर ठेवून.