काटा खाली बांधा

भागिरथाबाईचं डोकं सकाळपासून चक्रावलं होतं. धाकटी लेक स्नेहा ओट्यावर बसून दहावीचा धडा घोकत होती: वस्तुमान जास्त तर ओढ जास्त, अंतर दुप्पट झालं तर ओढ पाव.

"म्हंजे उंचावर वजन कमी भरते?"

"कमीच भरते," स्नेहा पुस्तकातून मान न काढता म्हणाली.

झालं! बाईच्या जिवात जीव आला. मागच्या खेपेला अंगणवाडीत तान्ह्या नातवाचं वजन घटलं होतं. आज वाढलं नाही तर वाशिमच्या दवाखान्यात भरती करावं लागेल, असं सेविका हिरीबाईनं बजावलं होतं. सून प्रज्ञा पहाटेच जीपनं केनवडकडे सोयाबीनच्या सोंगणी-कापणीच्या मजुरीला जायची, लेकरू दिवसभर आजीपाशी. आपल्या हाताखाली ते वाळावं, यानं बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता चोर सापडला. अंगणवाडीतला वजनकाटा निंबाच्या उंच फांदीला टांगतात ना!

"हिरीबाई, काटा खाली बांधा," नातवाला घेऊन अंगणवाडीत जाऊन ती म्हणाली. "जमिनीपासून दूर हाय म्हणून लेकरू कमी भरून राह्यलं."

हिरीबाईनं कपाळाला हात लावला, पण बांधला. झोळी जमिनीला टेकता टेकता राहिली. वजन होतं तेवढंच.

"माय, अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतात," सोबत आलेली स्नेहा म्हणाली. "हजारो किलोमीटर. फांदीनं काय होते?"

"मंग कमी काहून भरून राह्यलं?"

"त्याचं वस्तुमानच कमी हाय. पृथ्वी त्याले ओढते, तोबी पृथ्वीले तेवढंच ओढते."

एवढंसं लेकरू एवढ्या मोठ्या धरतीला ओढतं? बाईचा पुरता गोंधळ उडाला.

"दिवसभर काय घेते तो?" हिरीबाईनं विचारलं.

"काईच नाई. वरचं दूध थुकून देते. सांजेले माय आली का तिले सोडतच नाई." बाई बोलता बोलता थांबली. "स्नेहा, केनवड किती लांब हाय?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"मले नाई समजत. पण अंतर कमी करून पाहतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती लेकराला आणि शेतात झोळी बांधायच्या लुगड्याला घेऊन जीपमध्ये चढली.

"आत्याबाई, तुमी कायले?" म्हणत प्रज्ञानं हात पुढे केले, तेवढ्यात लेकरानं झेप घेतली. जीप सुटायच्या आधी ते पदराखाली पीत होतं. दोघांत कोणी कोणाला ओढलं, हे मात्र भागिरथाबाईला काही केल्या उमजेना.